जगात जर्मनी, भारतात परभणी आणि बाटलीत ज्वालामुखी

वाइनविषयक लिखाणात एखाद्या प्रदेशाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची झाली, तर तीन विशेषणे पुरेशी मानली जातात: तो प्रदेश शीत हवामानाचा असावा, तो दुर्गम असावा आणि त्याची जमीन ज्वालामुखीतून निपजलेली असावी. सिसिलीतील एटना, ग्रीसमधील सँटोरिनी, अटलांटिक महासागरातील अझोर्स द्वीपसमूहाचे पिको बेट ही या पंथाची तीर्थक्षेत्रे होत. यांपैकी प्रत्येकाला तिन्ही विशेषणे सारखीच लागू पडतात असे नाही. परंतु तिनातली दोन बसली की तिसऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, आणि गेलेच तर तोवर दुसरा पेला भरलेला असतो. परभणी जिल्ह्यातील पोखर्णी या गावाचे नाव या नामावळीत आजवर आलेले नाही. त्याचे कारण शोधू लागल्यास असे आढळते की, विशेषणांची उणीव हे ते कारण नव्हे.

ज्वालामुखीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण त्या बाबतीत पोखर्णीचा हक्क निर्विवाद आहे. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे, नृसिंहाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले आणि रेल्वेच्या वेळापत्रकात देवासकट ‘पोखर्णी नृसिंह’ म्हणून नोंदले गेलेले हे गाव दख्खनच्या ज्या पठारावर वसले आहे, ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाले. या थरांना भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या अर्थाच्या शब्दावरून आला असून सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेला तो चपखल बसतो. या लाव्हाने आज व्यापलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि डायनोसॉरांच्या उच्छेदात त्याचा हात होता की तो आळ एकट्या उल्कापातावर ठेवावा, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. एवढी दहशत ज्या खडकाच्या नावावर आहे, त्याच्यावर पोखर्णीत कपडे आपटून धुतले जातात.

अडचण आहे ती जाहिरातीची. एटना अद्याप धुमसत असल्यामुळे तिथल्या बाटलीच्या चिठ्ठीवर धुराची रेघ काढता येते. दख्खनचा लाव्हा मात्र एका शिखरातून उसळून न येता जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पसरला, आणि त्यामुळे त्याला ना शंकूसारखा डोंगर लाभला, ना दाखवण्याजोगे तोंड. या प्रकाराला ‘भेगी उद्रेक’ म्हणतात. आमंत्रण न देता आलेल्या पाहुण्याप्रमाणे तो शांतपणे आला, सगळीकडे पसरला आणि पुन्हा हलला नाही. डोळ्यांना दिसेल असा ज्वालामुखी नसलेला ज्वालामुखी प्रदेश पर्यटकाला विकणे कठीण असते, हे मान्य करावे लागते.

येथे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीचा विचार अपरिहार्य ठरतो. ही म्हण परभणीकर अभिमानाने उच्चारतात आणि इतर जिल्ह्यांतील लोक मिस्किलपणे उच्चारतात. परंतु वाइनच्या कसोटीवर ती घासून पाहण्याचे काम दोन्ही पक्षांनी टाळलेले दिसते. जर्मनीत बाडेन प्रांतात, ऱ्हाइनच्या खोऱ्यात, कायझरश्टूल नावाची एक टेकडी आहे. ती विझलेल्या ज्वालामुखीचा अवशेष असून तिच्या उतारांवरील द्राक्षमळे फार नावाजलेले आहेत. या टेकडीची लांबी १५-१६ किलोमीटर, म्हणजे परभणीहून निघालेला सायकलस्वार जेमतेम पोखर्णीच्या आसपास पोहोचेल एवढी. आणि तिचा बराचसा भाग ज्वालामुखीच्या खडकाने नव्हे, तर वाऱ्याने आणून टाकलेल्या ‘लोएस’ नामक पिवळसर धुळीने झाकलेला आहे. गंमत अशी की कायझरश्टूल हा थंडीसाठी नव्हे, तर जर्मनीतील सर्वांत उबदार भागांपैकी एक म्हणून ओळखला जातो. तात्पर्य, धूळ आणि ऊन या दोन्ही बाबतींत म्हणीतील साम्य पूर्णपणे सिद्ध होते, आणि खडकाच्या बाबतीत तर जर्मनीनेच परभणीची बरोबरी करण्याचा प्रश्न उरतो.

मात्र खडक असणे आणि त्यावर वेल वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसॉल्ट झिजून तयार झालेली मराठवाड्याची काळी माती चिकणमातीच्या अशा प्रकाराने भरलेली असते की पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे पावसाळ्यात तिच्यात रुतलेली चप्पल परत मिळवण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा लागतो, आणि उन्हाळ्यात तिला एवढ्या रुंद भेगा पडतात की हातातून निसटलेला रुपया थेट लाव्हाच्या दिशेने प्रवास करतो. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडत राहते व जमीन वर्षानुवर्षे खालीवर होते, म्हणून ती स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हटले जाते. नांगरणीचे भाडे मात्र त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही. द्राक्षवेलीला ही मेहेरबानी मानवत नाही. तिला पाय ओले ठेवून उभे राहणे आवडत नाही, निचऱ्याची मुरमाड जमीन आवडते, आणि भेगांमुळे मुळे तुटणे तर अजिबात आवडत नाही. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार डॉगरिज यासारख्या चिवट जातीचा खुंट लावून त्यावर हव्या त्या द्राक्षाचे कलम बांधतात, म्हणजे वरचा संसार फ्रेंच आणि खालचा कष्टकरी अमेरिकी, अशी व्यवस्था होते.

दुर्गमतेचा विचार थोडक्यात आटोपता येईल. दुर्गम हे विशेषण ज्या ठिकाणापासून विमानतळ दूर पण हॉटेल जवळ असते, अशाच जागेला शोभून दिसते. पिको बेटावर वेली खाऱ्या वाऱ्यापासून वाचाव्यात म्हणून काळ्या दगडांच्या रचीव भिंतींचे हजारो लहान चौकोन बांधलेले आहेत, आणि २००४ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. पोखर्णीच्या शिवारातही त्याच जातीचा दगड बांधावर, म्हणजे इकडच्या बोलीत धुऱ्यावर, रचलेला आढळतो; फरक एवढाच की मराठवाड्यात धुऱ्याची नोंद युनेस्कोकडे न होता दिवाणी न्यायालयात होते.

आता राहिला शीत हवामानाचा मुद्दा, आणि तो मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमेरिन आणि विंकलर या दोन अभ्यासकांनी १९४४ मध्ये द्राक्षप्रदेशांची उष्णता मोजण्याची एक रीत मांडली. वेल १० अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ वाढतच नाही, असे गृहीत धरून एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील प्रत्येक दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि उरलेल्या अंशांची बेरीज करायची, अशी ही सोपी रीत होय. या बेरजेवरून पाच वर्ग पाडले जातात. जर्मनीतील ऱ्हाइनचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड वर्गात मोडतो, आणि बेरीज सुमारे २,२२० च्या पुढे गेली की पाचवा, शेवटचा वर्ग लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या २१४ दिवसांत परभणीचे सरासरी तापमान हात राखून २८ अंश धरले, तरी बेरीज ३,८५२ येते. पाचव्या वर्गाच्या पुढे वर्गच नसल्यामुळे परभणीला वर्गाबाहेर उभे राहावे लागते. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात तिथे जे उभे राहणे घडते, ते सहसा बाहेरच असते, म्हणून ही शिक्षा नवी नाही.

परंतु हा हिशेब दख्खनवर अन्याय करणारा आहे. युरोपात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि शरदात फळ देते. महाराष्ट्रात तिला झोपेची सवड मिळेल एवढी थंडी नसल्यामुळे ती बारमाही जागी असते, आणि तिला केव्हा काय करायचे हे बागायतदाराची कात्री सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, जिला गोडी छाटणी असे गोड नाव आहे, आणि मग डोळ्यांना रसायनाची पेस्ट लावून त्यांना फुटायला भाग पाडले जाते. फळ हिवाळाभर वाढते व जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. वर्षात दोन छाटण्यांची ही धावपळ अलीकडची वाटली, तरी दख्खनच्या वेलीचा दुप्पट उत्साह जुनाच असावा. चौदाव्या शतकात येऊन गेलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, अशी नोंद करून ठेवली आहे.

तेव्हा मोजणीची खिडकी एप्रिलपासून न उघडता ऑक्टोबरच्या मध्यापासून उघडली, फळाचे दीडशे दिवस घेतले आणि त्यांची सरासरी साडेबावीस अंश धरली, तर बेरीज १,८७५ एवढीच होते, आणि कालपर्यंत वर्गाबाहेर उभी असलेली परभणी एकदम तिसऱ्या वर्गात जाऊन बसते. दिवस कमी मोजून बेरीज कमी करण्याच्या या युक्तीला शास्त्रात मान्यता नाही, हे उघड आहे. शिवाय रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ मध्येच बंद केला, त्यामुळे हाती आलेल्या आसनाचा उपयोग काय, हा प्रश्न राहतोच. तरीही परभणीच्या थंडीची थट्टा करण्यापूर्वी २०१८ च्या डिसेंबरची आठवण ठेवावी. त्या महिन्याच्या अखेरीस कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. त्याच लाटेत नाशिक जिल्ह्यात निफाडकडे द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या आणि ठिबकने पाणी सोडले, कारण कडाक्याच्या थंडीत घडातले मणी तडकतात. शीत हवामानाच्या वाइनची महती गाणाऱ्या ग्रंथांत थंडी ही एखाद्या शिष्ट आत्याबाईसारखी येते, फळाला शिस्त लावते व आंबटपणा टिकवते. निफाडच्या बागेत ती पहाटे चार वाजता येते आणि कर्जाचा हप्ता मोडते.

आंबटपणाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचा खुलासा करणे इष्ट. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन आम्ले असतात. उष्ण रात्री मॅलिक आम्ल वेलीकडून खर्ची पडते आणि थंड रात्री ते शिल्लक राहते, म्हणून दिवसा ऊन आणि रात्री गारवा असलेल्या ठिकाणची वाइन तरतरीत लागते. नाशिकने याच गुणावर आपले घर उभारले. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, गंगापूर धरणाचे पाणी आणि हिवाळी रात्री यांच्या भरवशावर १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी तिथे सोविन्यो ब्लां आणि शेनें ब्लां या जातींची लागवड केली व त्यातून सुला हा कारखाना उभा राहिला; त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावात शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन करून तिला ओमर खय्याम हे नाव दिले होते. एवढे होऊनही नाशिकचे शीत हवामान मुख्यतः पोलादी टाक्यांत नांदते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. द्राक्षे ऊन चढण्यापूर्वी तोडायची, रस टाकीत घालायचा, टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रावण फिरवायचे आणि १२ ते १६ अंशांत तो सावकाश आंबवायचा. ऱ्हाइनच्या खोऱ्यात जे काम परमेश्वर विनामूल्य करतो, ते इकडे वीजबिल भरून करावे लागते. हाच प्रयोग पोखर्णीत झाल्यास भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच वाइनचा दर्जा ठरवावा लागेल, आणि बाटलीवर सालाबरोबर फीडरचे नावही छापावे लागेल.

अशा रीतीने दख्खनची वाइन ही थंड नाही आणि उष्णही नाही, हिवाळी नाही आणि उन्हाळीही नाही, या निष्कर्षाप्रत आल्यावर पोखर्णीच्या दैवताची आठवण होणे स्वाभाविक आहे. हिरण्यकश्यपूने वर मागताना दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, अशी चोख यादी दिली होती, आणि नृसिंहाने तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन त्या यादीचा निकाल लावला. व्याख्येच्या दोन कलमांमधल्या फटीतून वाट काढण्याचे हे आद्य उदाहरण होय. देवस्थानच्या दारात वाइनची गोष्ट काढणे अप्रस्तुत असल्यामुळे ही तुलना केवळ तर्कापुरती घ्यावी. परंतु राज्यकारभाराने हाच तर्क किती निष्ठेने चालवला, ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात मद्यासंबंधीचा मूळ कायदा १९४९ चा असून त्याच्या नावातच दारूबंदी आहे, आणि ती बंदी परवाना घेऊन पाळायची असते. त्याच राज्याने २००१ मध्ये जे धोरण आणले, त्याचे नाव द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण. त्यानुसार राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि वाइन ही बेदाण्याची एक द्रवरूप बहीण ठरली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात आणि किमान हजार चौरस फुटांच्या दुकानांत वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू आहे काय, या प्रश्नावर राज्यभर जी मीमांसा झाली, तिच्यापुढे द्वैत-अद्वैताचा वाद किरकोळ वाटावा. ती दारू नव्हे असे म्हणणाऱ्यांना शेतकरी आठवत होता, ती दारूच आहे असे म्हणणाऱ्यांनाही शेतकरीच आठवत होता, आणि शेतकरी त्या वेळी भुरीवर कोणते औषध फवारावे याच्या विवंचनेत होता. या निर्णयात प्रार्थनास्थळांच्या जवळ विक्री नको अशीही अट होती. तेव्हा पोखर्णीत हजार फुटांचे दुकान मिळाले असते तरी देवामुळे अडले असते.

मराठवाड्याला तसे मद्याचे वावडे नव्हते. निजामाच्या काळात शिंदीवरचा कर ही सरकारची भरभक्कम मिळकत होती, आणि म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. स्थानिक पेयाच्या मुळावर कुऱ्हाड घालून स्वातंत्र्य मिळवणारा दुसरा वाइनप्रदेश युरोपच्या इतिहासात सहज सापडणार नाही.

ज्वालामुखीजन्य वाइनच्या भक्तांचा अखेरचा आधार म्हणजे ‘खनिजता’. पेल्यात ओल्या दगडाचा, गारगोटीच्या ठिणगीचा, राखेचा स्वाद लागतो असे ते सांगतात, आणि तो स्वाद खडकातून मुळांवाटे द्राक्षात चढला असे मानतात. वेल्समधील भूशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन यांनी या समजुतीचा अनेक वर्षे सप्रमाण प्रतिवाद केला आहे. खडकातील खनिजे मुळांना जशीच्या तशी शोषता येत नाहीत, जे मूलद्रव्यांचे अंश वेलीत येतात ते अत्यल्प असतात, आणि बहुतेक खडकांना मुळात चवच नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो ऐकून वाइनसमीक्षक खट्टू झाले असतील, परंतु मराठवाड्यातील जुन्या पिढीतील कोणत्याही बाईला त्यात नवे वाटणार नाही, कारण तिने दगडाची चव प्रत्यक्ष घेतलेली असते. जाते बेसॉल्टचेच. दळून दळून त्याची तळी गुळगुळीत झाली की पाथरवट येऊन छिन्नीने त्यावर पुन्हा खाचा पाडतो, याला टाकी लावणे म्हणतात. आणि टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणाची भाकरी दाताखाली कचकचते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा खडकातून थेट अन्नात उतरल्याचे हे एकमेव निर्विवाद उदाहरण म्हणावे लागेल, आणि त्यावर घरातल्या पुरुषांचा अभिप्राय युरोपीय समीक्षकांएवढा काव्यमय कधीच नसे.

मग शीत हवामानात, दुर्गम गावी, ज्वालामुखीच्या मातीत तयार होणारे, जागेची आणि सालाची ओळख सांगणारे असे पोखर्णीकडे काही आहे की नाही? आहे, आणि ते वेलीवर न लागता ताटावर लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीला ‘परभणी क्रांती’ आणि रब्बी ज्वारीला ‘परभणी मोती’ अशी नावे देऊन झाल्यावर खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ नावाचे वाण काढले आहे. वेलीला नकोशी असलेली काळी माती ज्वारीला मात्र मानवते. पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर ती पाण्याच्या पाळीवाचून पीक तारून नेते, आणि पौषातल्या गार रात्री दाणा सावकाश भरतो. दाणा दुधातून चिकात येतो तेव्हा त्यातली साखर अद्याप पिठात रूपांतरित झालेली नसते, आणि नेमक्या त्या आठ-दहा दिवसांतच कणसे खुडायची असतात. नाशिकचा वाइनवाला ब्रिक्समापक घेऊन रसातली साखर मोजत बागेत हिंडतो, इकडे दोन दाणे नखाने दाबून पाहिले की काम भागते. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणीस खुपसायचे, ते भाजले की तळहातांत चोळून दाणे मोकळे करायचे. राखेचा वास, धुराची छटा, किंचित गोडी आणि शेवटी रेंगाळणारा हिरवटपणा हे सारे गुण त्यात असतात, आणि सोबतीला लसणाची चटणी, दही, गूळ असते. फ्रेंच पद्धतीने या अनुभवाचे वर्णन केल्यास त्याला परवडणार नाही एवढी किंमत येईल. पुण्याच्या आसपास माणशी दर लावून हुरडा पार्ट्या भरू लागल्या आहेत, त्या अर्थी ती येऊही लागली आहे.

हुरड्याचा एकच दोष असा की तो बाटलीत भरून तळघरात ठेवता येत नाही. पुढच्या आठवड्यात दाणा टणक होतो, त्याला ज्वारी म्हणतात, आणि ती बाजार समितीत क्विंटलवर जाते. म्हणून पोखर्णीच्या शिवारात आगटीभोवती बसलेला माणूस या उत्पादनाच्या सालाविषयी काही न बोलता तळहातावर फुंकर मारून कोंडा उडवतो, दाणे तोंडात टाकतो आणि पुढच्या कणसासाठी हात पुढे करतो.